घर फ्लॅटमध्ये, रविवार तबेल्यात : कुत्रा कोणता निवडावा?

घोडेस्वारी हा एके काळी संस्थानिक, लष्करी अधिकारी आणि शर्यतींच्या वर्तुळातील मोजक्या मंडळींचा छंद होता. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या आवारात १९४२ साली स्थापन झालेल्या ॲमॅच्युअर रायडर्स क्लबसारख्या संस्थांनी तो हौशी नागरिकांपर्यंत पोहोचविला. आता मुंबई आणि पुण्याच्या आसपास मुलांना घोड्यावर बसायला शिकविणारे लहान-मोठे तबेले उभे राहिले आहेत आणि शनिवार-रविवारी तेथे सहकुटुंब हजेरी लावणारा एक वर्ग तयार झाला आहे. यांपैकी अनेकांच्या मनात कुत्रा पाळण्याची इच्छाही असते. आठवडाभर तो दोन-तीन खोल्यांच्या घरात राहील आणि सुटीच्या दिवशी मैदानावर आपल्याबरोबर येईल, असे चित्र रंगविले जाते. चित्र सुरेख आहे. मात्र या दोन जागांच्या गरजा एकमेकींच्या नेमक्या विरुद्ध आहेत आणि निवड चुकली तर किंमत मोजावी लागते ती कुत्र्याला. कधी घोड्याच्या लाथेने त्याचा जबडा मोडतो, कधी बिचकलेल्या घोड्यावरून एखादे मूल खाली पडते, तर कधी वर्षभरात कंटाळलेले कुटुंब त्याला प्राण्यांच्या आश्रयस्थानाच्या दारात सोडून येते.

फ्लॅटसाठी लहान आकाराचा कुत्रा योग्य, हा सर्वांत रूढ गैरसमज. घराच्या चौरस फुटांशी कुत्र्याच्या उंचीचा संबंध थोडाच असतो, खरा संबंध असतो तो त्याच्या स्वभावाशी. जॅक रसेल टेरिअर हे याचे उत्तम उदाहरण. पायापासून खांद्यापर्यंत जेमतेम फूटभर उंचीचा हा कुत्रा इंग्लंडमधील डेव्हन परगण्याचे पाद्री जॉन रसेल यांनी एकोणिसाव्या शतकात कोल्ह्याच्या शिकारीसाठी वाढविला. शिकारी घोड्यांच्या बरोबरीने धावायचे आणि कोल्हा बिळात शिरला की त्याच्या मागे आत घुसायचे, हे त्याचे काम. साहजिकच घोड्यांची त्याला भीती नसते आणि तबेल्यातील उंदीर मारण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नाही. इंग्लंड-अमेरिकेत तबेल्यातला कुत्रा म्हटले की हीच जात आठवते. पण दिवसभर बिळे उकरण्यासाठी जन्मलेला हा जीव आठ तास बंद घरात राहिला, तर सोफ्याची गादी उकरतो, जिन्यातल्या प्रत्येक चाहुलीवर भुंकतो आणि सोसायटीच्या सभेत स्वतःपुरता एक विषय मिळवून देतो.

याउलट ग्रेहाउंड किंवा व्हिपेटसारखे लांबट अंगाचे वेगवान कुत्रे घरात मात्र आश्चर्य वाटावे इतके शांत असतात. एकदा मनसोक्त पळून आले की उरलेला दिवस ते झोपून काढतात. आपल्याकडील मुधोळ आणि कारवान हे कुत्रे याच कुळातले. पूर्वीच्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या पैदाशीला आश्रय दिला आणि तेच नाव पुढे रूढ झाले. आखूड केस, दख्खनच्या उन्हाची सवय आणि अंगाला फारसा वास नाही, हे गुण फ्लॅटच्या दृष्टीने मोलाचे. अडचण एकच, पण मोठी आहे. हे नजरेने शिकार करणारे कुत्रे आहेत. दूरवर काही पळताना दिसले की ते सुटतात आणि त्या क्षणी मालकाची हाक त्यांच्या कानांत शिरत नाही. मैदानावर दौडणारा घोडाही ‘पळणारे काहीतरी’च असतो. त्यामुळे कुंपण नसलेल्या जागी त्यांना पट्ट्याविना सोडता येत नाही.

घोडा काय पाहतो?

कुत्रा निवडताना बहुतेक जण कुत्र्याचाच विचार करतात. घोड्याच्या बाजूनेही तो करायला हवा. घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान न वळविता त्याला सभोवतालचा जवळपास ३५० अंशांचा परिसर दिसतो. न दिसणाऱ्या जागा दोनच, एक कपाळाच्या अगदी समोर आणि दुसरी थेट शेपटीमागे. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, ही आपल्याकडची म्हण याच अनुभवातून आलेली. कुत्र्याला ती ठाऊक नसते. दबक्या पावलांनी पाठीमागून येणारा चार पायांचा प्राणी म्हणजे घोड्याच्या लेखी लांडगा आणि त्यावर त्याचे उत्तर दोनच प्रकारचे असते, उधळणे किंवा लाथ. साडेचारशे-पाचशे किलो वजनाच्या जनावराची लाथ वीस किलोच्या कुत्र्याला बसली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच गुरे-मेंढ्या राखणाऱ्या जातींच्या बाबतीत विशेष जपावे लागते. बॉर्डर कॉली हा कुत्र्यांमधील सर्वांत बुद्धिमान समजला जातो आणि तो घोड्यांबरोबर शोभून दिसतो हेही खरे. पण हलणाऱ्या जनावरांना वळसा घालून एकत्र आणणे त्याच्या रक्तातच आहे. रिंगणात शिकाऊ स्वारांचे चार घोडे फिरत असताना तो स्वस्थ बसणे अवघड. वेल्श कॉर्गीचे तर कामच गुरांच्या टाचांना चावा घेऊन त्यांना पुढे हाकण्याचे. पाय आखूड असल्याने गाईची लाथ डोक्यावरून निघून जावी, असा त्याच्या बांध्याचा फायदा सांगितला जातो. घोड्याच्या टाचेशी हा प्रयोग करू नये. ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांनी आयुष्यभर कॉर्गी आणि घोडे दोन्हींचा लळा जोपासला, हे उदाहरण हटकून दिले जाते. त्यांच्याकडे नोकरचाकर किती होते, हे सांगायचे राहून जाते.

घोड्यांच्या सहवासासाठीच प्रसिद्ध झालेली जात म्हणजे डाल्मेशियन. इंग्लंडमध्ये घोडागाड्यांच्या जमान्यात हे ठिपक्यांचे कुत्रे गाडीखाली किंवा घोड्यांच्या टाचांलगत मैलोन् मैल धावत असत. वाटेत भटक्या कुत्र्यांना दूर ठेवायचे आणि मुक्कामी घोड्यांची राखण करायची. ही आवड शिकविलेली की उपजत, असा प्रश्न कीलर आणि ट्रिम्बल या दोन अमेरिकी संशोधकांना पडला. घोड्याच्या किती जवळून धावायचे, याची पसंती काही अंशी आनुवंशिक असल्याचा निष्कर्ष त्यांनी १९४० मध्ये मांडला. अर्थात मैलोन् मैल धावण्याची हीच क्षमता फ्लॅटमध्ये डोकेदुखी ठरते. रोज किमान दीड-दोन तासांचा भरपूर व्यायाम देण्याची तयारी असेल, तरच या जातीकडे वळावे. शिवाय डाल्मेशियनमध्ये जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण इतर जातींहून अधिक असते. हाक ऐकू न येणारा कुत्रा तबेल्यात सांभाळणे किती जोखमीचे, ते उघड आहे. पिलू घेण्यापूर्वी त्याची श्रवणचाचणी झाली आहे का, हे विचारण्यास संकोच करू नये. या कुत्र्याच्या लघवीत युरिक ॲसिडचे प्रमाण जास्त असते व त्यामुळे मूतखडे होतात. पाणी भरपूर आणि आहार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, ही पथ्ये जन्मभराची.

पडद्यावर पाहून कुत्रा निवडण्याचा मोह डाल्मेशियनला अमेरिकेत आणि पगला भारतात महागात पडला. २००३ च्या सुमारास मोबाइल सेवेच्या जाहिरातीत एका मुलामागे चालणारा पग घरोघरी पोहोचला आणि त्याची मागणी भरमसाट वाढली. चपट्या नाकाच्या या कुत्र्याला श्वास पुरत नाही, उष्मा सोसवत नाही. फ्लॅटमध्ये तो गुण्यागोविंदाने नांदतो, पण एप्रिल-मे महिन्यात मैदानावर त्याला नेणे धोक्याचेच. सायबेरियन हस्कीबद्दल तर लिहायलाच नको. मुंबईच्या हवेत त्याला वातानुकूलित खोलीत डांबून ठेवण्यात कोणते प्रेम आहे, हे पाळणाऱ्यांनाच ठाऊक.

मग उरते कोण? लॅब्रॅडॉर हे सर्वसंमत उत्तर आणि ते चुकीचे नाही. स्वभावाने मवाळ, शिकविलेले चटकन शिकणारा, घोड्यांच्या मागे लागण्याची मूळ वृत्ती नसलेला. फक्त पहिली दोन-अडीच वर्षे त्याचा दंगा सोसावा लागतो, वजन आटोक्यात ठेवावे लागते आणि घरात गुळगुळीत फरश्या असतील तर सतरंज्या किंवा पायपुसणी अंथरावी लागतात, कारण या जातीला खुब्याच्या सांध्याचा विकार होण्याचा संभव असतो.

त्याहूनही सरस पर्याय अनेकदा इमारतीच्या फाटकाशीच बसलेला असतो. आपला गावठी कुत्रा मध्यम बांध्याचा, आखूड केसांचा, इथल्या उन्हापावसाला सरावलेला आणि जातिवंत कुत्र्यांच्या आनुवंशिक दुखण्यांपासून बराचसा मुक्त असतो. माणसांचा, वाहनांचा, जनावरांचा अंदाज घेत जगण्याची सावधगिरी त्याच्या अंगात मुरलेली असते आणि तबेल्यात हीच सावधगिरी कामाला येते. मात्र प्रत्येक गावठी कुत्र्याचा स्वभाव निराळा. त्यामुळे पिलाऐवजी दीड-दोन वर्षांचा, स्वभाव उमगलेला कुत्रा दत्तक घेणे या कुटुंबांसाठी शहाणपणाचे. तो घरात एकटा राहतो का, किती भुंकतो, दुसरी जनावरे पाहून काय करतो, या प्रश्नांची उत्तरे आधीच मिळू शकतात. पिलाच्या बाबतीत केवळ अंदाज बांधता येतो.

तबेल्यातले विष

तबेल्यातील एका धोक्याची कल्पना बहुतेक श्वानप्रेमींना नसते. घोड्यांना जंतांसाठी आयव्हरमेक्टिन हे औषध पेस्टच्या स्वरूपात पिचकारीने तोंडात दिले जाते. एका पिचकारीत पाच-सहाशे किलोंच्या जनावराला पुरेल एवढी मात्रा असते. घोडा त्यातले थोडे थुंकतो, ते जमिनीवर पडते आणि कुत्रा चाटतो. औषध दिल्यानंतर पडलेल्या लिदीतही त्याचा अंश उतरतो आणि लीद खाण्याची खोड अनेक कुत्र्यांना असते. कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलँड शीपडॉग आणि काही प्रमाणात जर्मन शेफर्ड यांच्यात एका जनुकातील दोषामुळे हे औषध मेंदूत साठत जाते. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ मध्ये हा दोष शोधून काढला. अशा कुत्र्याचा तोल जातो, लाळ गळते, दृष्टी मंदावते, तो बेशुद्ध पडतो आणि वेळीच उपचार न मिळाल्यास दगावतो. मात्रा मोठी असेल तर इतर कुत्रेही सुटत नाहीत. म्हणून घोड्यांना जंताचे औषध कोणत्या दिवशी देणार आहेत, हे मोतद्दाराला विचारून ठेवावे आणि त्यानंतरचे काही दिवस कुत्र्याला तेथे नेऊच नये.

चंदीच्या कोठीत उंदरांसाठी ठेवलेल्या विषाचेही तसेच. त्यातील अनेक विषांनी रक्त गोठण्याची क्रिया थांबते आणि लक्षणे दिसायला काही दिवस लागतात. तोवर रविवारची सहल विसरलेली असते. नालबंदाने तासून टाकलेले खुरांचे तुकडे कुत्रे मोठ्या आवडीने चघळतात. ते विषारी नसले, तरी टणक तुकडा गिळला गेल्यास आतड्यात अडकू शकतो. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची ओळख मुंबईकरांना जुलै २००५ च्या महापुरानंतर पुरती पटली आहे. तबेल्यात जाणाऱ्या कुत्र्याला रेबीजबरोबरच लेप्टोची लसही दरवर्षी द्यावी आणि घरी परतल्यावर कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधाव्यात. गोचिडीतून येणारा ताप कुत्र्याला आठवड्याभरात अंथरुणाला खिळवतो.

सवय हळूहळू

पहिल्या भेटीत कुत्र्याला घोड्याजवळ नेण्याची घाई नको. चाळीस-पन्नास पावलांवर पट्टा धरून बसावे, कुत्रा शांत राहिला की खाऊ द्यावा आणि परत यावे. हे अंतर दर खेपेस थोडे कमी करीत न्यावे. त्यासाठी दीड-दोन महिने लागले तर बिघडत नाही. बोलाविताच येणे, ‘बस’ म्हटल्यावर बसून राहणे आणि तोंडातले सोडणे, या तीन गोष्टी घरी पक्क्या झाल्याखेरीज तबेल्याचा विचारच करू नये. पट्टा खोगिराला बांधून घोड्यावर बसणे हा आत्मघात आहे. स्वार वर असताना कुत्र्याचा ताबा खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाकडेच हवा. अनेक क्लबांत बाहेरच्या कुत्र्यांना प्रवेशच नसतो, हेही आधी विचारून घ्यावे. शर्यतीचे थरोब्रेड घोडे जेथे सरावाला उतरतात तेथे कुत्रा न नेणे उत्तम. खासगी मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये तर तबेल्यात न जाताही घोड्यांशी गाठ पडते. तेथील लाल मातीच्या अरुंद वाटांवर समोरून घोडा आला की कुत्र्याला डोंगराच्या बाजूला घेऊन थांबावे आणि घोडेवाल्याला आधी जाऊ द्यावे.

राहिला प्रश्न सोसायटीचा. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, जात वा आकार पाहून भेदभाव करता येत नाही. स्वच्छता आणि शेजाऱ्यांची झोप यांची जबाबदारी मात्र मालकाची. विकत घ्यायचाच असेल, तर २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याची राज्य मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांहून लहान पिलू विकण्यास मनाई आहे. नोंदणीचा कागद दाखविण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून पिलू घेऊ नये. पिलाची आई पाहायला मागावी. ती अनोळखी माणसांशी कशी वागते, यावरून पिलाच्या स्वभावाचा जितका अंदाज येतो, तितका वंशावळीच्या प्रमाणपत्रावरून येत नाही.