कुंपण नसलेलं गाव



गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब संपला की बोलणं हमखास शेताच्या बांधावर येतं. कुणी बांध कोरला, कुणी वाट अडवली. म्हणून आज आम्ही तुम्हाला लॅक्स्टन नावाच्या गावाची माहिती सांगणार आहोत.

हे छोटं गाव इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमशायर परगण्यात, न्यूअर्क शहराजवळ आहे. जमीन चिकणमातीची, पाणी धरून ठेवणारी. गावाच्या उत्तरेला जुन्या किल्ल्याची मातीची टेकडी आहे. शेतकऱ्यांची घरं मळ्यांत विखुरलेली नाहीत, गावातल्या रस्त्याला लागून आहेत. कारण प्रत्येकाची शेती एका जागी नाहीच!

गावाला तीन मोठी शेतं आहेत. त्यांत मधे कुंपण नाही, नुसते पट्टे. पूर्वी एकेकाचे पट्टे तिन्ही शेतांत इकडेतिकडे असत, म्हणजे चांगली आणि चिबड जमीन सगळ्यांच्याच वाट्याला येई. एका शेतात गहू, दुसऱ्यात उन्हाळी पीक, तिसरं पडीक किंवा चाऱ्याला, अशी पाळी दरवर्षी फिरते. 1635 साली मार्क पिअर्स यांनी काढलेल्या नकाशात गावातला पट्टा न् पट्टा दाखवला आहे.

एके काळी इंग्लंडमध्ये अशी गावं पुष्कळ होती. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत संसदेने हजारो कायदे करून सामायिक जमिनींना कुंपणं घालू दिली. पीक वाढलं, पण गरिबाची गाय चरायची जागा गेली. बायका सरपण गोळा करायच्या, कापणीनंतर सरवा वेचायच्या, त्यालाही अनेक ठिकाणी आडकाठी आली. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

लॅक्स्टनमध्ये मात्र जुनी पद्धत आजही चालू आहे. आता पट्टे कमी आणि मोठे झालेत, पण नियम टिकले ते गावच्या पंचांमुळे. दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाला शेतकऱ्यांमधूनच नेमलेले पंच गहू पेरलेल्या शेतात पायी फिरतात. हद्दीचे खुंट जागेवर आहेत का, कुणाचा नांगर सामायिक वाटेत घुसला का, हे बघतात. नवे खुंट ठोकतात. मग गावाची सभा भरते आणि चुकलेल्याला दंड होतो. जिथे नांगर चालत नाही, त्या सामायिक पट्ट्यांतल्या गवताचा दरवर्षी लिलाव होतो.

दंडाची रक्कम किरकोळ असते. पण सगळ्यांसमोर नाव वाचलं जातं, तेही चूक ताजी असताना. त्यामुळे एका फाळाचं भांडण नातवंडांपर्यंत पोचत नाही.

आपल्या गटातही हप्ता चुकला की त्याच बैठकीत बोलतो, म्हणून गट टिकतो. मग गावच्या गायरानाची, पाणंद रस्त्याची हद्द शेवटची कधी पाहिली? पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.