त्रिमितीय छायाचित्रण : चित्रचौकट व भिंगांतर

एकाच दृश्याची दोन किंचित भिन्न स्थानांवरून घेतलेली छायाचित्रे डाव्या व उजव्या डोळ्याला स्वतंत्रपणे दाखविली असता मेंदूत त्यांचे एकत्रीकरण होऊन खोलीची प्रतीती होते. या तत्त्वावरील छायाचित्रणास त्रिमितीय छायाचित्रण म्हणतात. चार्ल्स व्हीट्‌स्टन यांनी हे तत्त्व १८३८ मध्ये मांडले. मुंबईच्या पटेल इंडिया या कंपनीने भारतात तयार केलेल्या व्ह्यू-मास्टर दर्शकामुळे ते अनेकांच्या परिचयाचे झाले. त्याच्या एका चकतीवर ७ चित्रजोड्या असतात.

भिंगांतर : प्रौढ व्यक्तीच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ ते ६५ मिमी. अंतर असते. म्हणून अशा कॅमेऱ्यांत दोन भिंगांमधील अंतर साधारणपणे ६० ते ७० मिमी. ठेवतात. ते वाढविल्यास खोली अधिक जाणवते. परंतु जवळच्या वस्तूच्या दोन प्रतिमा जुळविणे डोळ्यांना अवघड जाते. म्हणून सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा सुमारे तिसावा भाग इतके भिंगांतर घ्यावे, असा व्यावहारिक नियम आहे.

चित्रचौकट : झ्यूल रिशार यांच्या व्हेरास्कोप कॅमेऱ्यात ४५ × १०७ मिमी. आकाराच्या काचपट्टीवर चित्रजोडी घेत. ३५ मिमी. फिल्मवर चौकटीची रुंदी कडेच्या छिद्रांवरून ठरते. लगतच्या दोन छिद्रांत ४.७५ मिमी. अंतर असते. १९४७ मध्ये बाजारात आलेल्या स्टीरिओ रिअलिस्ट या अमेरिकन कॅमेऱ्यात एक चौकट ५ छिद्रांची असून जोडीतील दोन चौकटींच्या मध्ये आणखी दोन चौकटींची जागा राहते; ती पुढील व मागील जोड्यांनी भरून निघते. बेलप्लास्का या जर्मन कॅमेऱ्यात ७ छिद्रांची अधिक रुंद चौकट आहे. ३६ चित्रांच्या फिल्मवर पहिल्या पद्धतीने सुमारे २८, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे २० जोड्या मिळतात.

रिअलिस्टमधील चौकटींच्या मध्यांतील अंतर १५ छिद्रांचे, म्हणजे ७१.२५ मिमी. असून भिंगांतर सुमारे ७० मिमी. आहे. हा फरक हेतुपुरस्सर ठेवलेला आहे. भिंगाचे केंद्रांतर ३५ मिमी. असल्याने सुमारे २ मी. अंतरावरील वस्तू चौकटीच्याच पातळीत भासते. त्यापलीकडील वस्तू खिडकीबाहेर असल्याप्रमाणे मागे, तर अलीकडील वस्तू पुढे आलेल्या दिसतात.

दूरची दृश्ये : लोणार (जि. बुलढाणा) येथील विवराचा व्यास सुमारे १.८ किमी. आहे. ७० मिमी. भिंगांतराने त्याचा पलीकडील काठ सपाट पडद्यासारखा दिसतो. चौकटीतील सर्वांत जवळचा भाग ३०० मी. दूर असल्यास साधा कॅमेरा सुमारे १० मी. बाजूला नेऊन, त्याच दिशेने व समपातळीत धरून, लागोपाठ दुसरे चित्र घेतात. जवळची झुडपे मात्र चौकटीत येऊ देत नाहीत.

मांडणी व जतन : कॅमेऱ्यात प्रतिमा उलटी पडते. फिल्म सुलटी करताना डावे चित्र उजवीकडे जाते. म्हणून चित्रे कापून त्यांची अदलाबदल करावी लागते. तसे न केल्यास जवळचे दूर व दूरचे जवळ दिसते. जुन्या संग्रहांतील जोडीपैकी एकच चित्र ठेवल्यास किंवा त्याचीच संगणकीय प्रत काढल्यास दृश्य उरते, पण त्यातील खोली कायमची नष्ट होते. म्हणून दोन्ही चित्रे, त्यांचा डावा-उजवा क्रम व मूळ चौकटीच्या कडा यांसह जतन करणे आवश्यक आहे.