खोल्यातील आस आणि माशाचे माप

समुद्रतळालगत ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यात कोणत्या मापाचा मासा अडकून राहील आणि कोणता निसटेल, हे बहुतांशी त्या जाळ्याच्या शेवटच्या काही मीटरांत ठरते. ट्रॉल हे पुढे रुंद तोंडाचे आणि मागे निमुळते होत गेलेले जाळे असते; त्याच्या वरच्या दोरावर तरंगणारे गोळे आणि खालच्या दोरावर वजने असल्याने तोंड उभे उघडते, तर दोन्ही बाजूंच्या जड फळ्या पाण्याच्या रेट्याने एकमेकींपासून दूर जात असल्याने ते आडवेही फाकते. फळ्या तळावरून घासताना उठणारा गाळाचा पडदा आणि त्यामागचे दोर माशांना मधोमध हाकतात; तोंडाशी आलेले मासे जाळ्याच्या वेगाने काही काळ पुढे पोहत राहतात आणि दमले की मागे पडत शेवटच्या बंद पिशवीत जमा होतात. कोकण किनाऱ्यावरील डोल जाळ्याच्या अशाच शेवटच्या भागाला खोला म्हणतात, आणि येथे ट्रॉलच्या पिशवीसाठीही तोच शब्द वापरला आहे.

जाळे ही एक चाळण आहे, असे मानले की त्याच्या रचनेविषयी अनेक गैरसमज होतात. चाळणीतले धान्य भोकांवर आपोआप आदळते. मासा मात्र डोळ्यांसमोरच्या जाळीपासून होता होईल तो दूर राहतो, आणि म्हणूनच पाण्याच्या मधल्या थरांत ओढल्या जाणाऱ्या काही ट्रॉलांच्या पुढच्या भागातील आस, म्हणजे जाळीची एकेक घरे, कित्येक मीटर मोठी असूनही मासे त्यांतून बाहेर न पडता आत वळतात. खोल्यात दाटी झाल्यावर, दमलेल्या अवस्थेत, ते प्रथमच जाळीला भिडतात. त्यामुळे आसाचे माप सर्वांत महत्त्वाचे ठरते ते खोल्यात.

आसाचे माप घेताना तो ताणून समोरासमोरच्या दोन गाठींमधील अंतर मोजतात. म्हणजे ४० मिलिमीटरच्या आसाची प्रत्येक बाजू २० मिलिमीटरची असते. नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या जाळीत हा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो, आणि जाळे ओढले जाऊ लागले की लांबीच्या दिशेने पडणाऱ्या ताणाने तो मिटत जातो. त्याची रुंदी १२ मिलिमीटर उरली, तर उंची सुमारे ३८ मिलिमीटर होते, आणि त्यातून जेमतेम ११ मिलिमीटर व्यासाचे गोल शरीर पार होऊ शकते. हीच जाळी तिरकी कापून आसाच्या बाजू ओढीच्या दिशेला समांतर राहतील अशी लावली, तर ताण सरळ बाजूंवर पडतो, आस चौकोनीच राहतो आणि २० मिलिमीटर व्यासाच्या शरीराला वाट मिळते. कागदावर दोन्ही जाळ्यांचे माप ४० मिलिमीटरच असते, परंतु एकीतून सुटणारा मासा दुसरीतून सुटणाऱ्या माशाच्या जवळजवळ दुप्पट जाडीचा असू शकतो.

शंकरपाळी आसाच्या खोल्यात आणखी एक अडचण उद्भवते. जसजसा माल साठतो तसतसा खोल्याचा मागचा भाग फुगतो, आणि त्या फुगवट्याच्या लगत पुढे असलेल्या थोड्याच ओळींतील आस उघडे राहतात. बाकीची जाळी मिटलेली असल्याने सुटकेची खरी वाट तेवढ्याच पट्ट्यात उरते. धागा जाड किंवा दुहेरी असला तर जाळी ताठर होऊन आस आणखी कमी उघडतो, आणि खोल्याच्या घेरात आसांची संख्या वाढवली तर घेर ढिला राहून तोच परिणाम होतो. बाल्टिक समुद्रातील कॉड माशाच्या मासेमारीत यावर दोन उपाय रूढ झाले: खोल्याच्या वरच्या बाजूस चौकोनी आसाची खिडकी बसवणे, आणि नेहमीचीच जाळी नव्वद अंशांनी वळवून लावणे, ज्यामुळे गाठींची जाडीच आसाला मिटू देत नाही. चौकोनी जाळीही निर्दोष नाही. साध्या गाठींच्या जाळीत ताणाने गाठी सरकून आस वेडावाकडा होतो, म्हणून तिच्यासाठी बिनगाठीची जाळी अधिक योग्य समजली जाते.

एखादा खोला किती निवड करतो हे मोजण्यासाठी अभ्यासक त्याच्याभोवती बारीक आसाचे दुसरे आवरण घालतात आणि खोल्यात राहिलेले व आवरणात निसटलेले मासे लांबीनुसार मोजतात. ज्या लांबीचे निम्मे मासे अडकतात आणि निम्मे सुटतात, ती त्या खोल्याची पन्नास टक्के लांबी होय. त्याहून लहान मासे एकदम सुटतात आणि मोठे एकदम अडकतात, असे मात्र घडत नाही. मधला पट्टा पुष्कळदा रुंद असतो.

भारतात यांत्रिक ट्रॉलिंगचा प्रसार झाला तो १९५२ च्या करारातून केरळात सुरू झालेल्या भारत-नॉर्वे प्रकल्पानंतर, आणि तो प्रामुख्याने कोळंबीसाठी. कोळंबी लहान, म्हणून आसही बारीक. आणि त्या बारीक आसात कोळंबीबरोबर ढोमा, राणी, वाकटी यांची पिलेही येऊ लागली. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ट्रॉलच्या खोल्यासाठी ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची शिफारस केली, आणि गुजरातने २००३ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याखालील नियमांत तो बंधनकारक केला. पण आतून बारीक जाळीचे अस्तर लावले की नियमातला खोला नावापुरता उरतो. आणि पिले सोडून देणाऱ्या नौकेचे नुकसान त्याच फेरीत होत असल्याने, पुढच्या हंगामातला फायदा सर्वांच्या वाट्याला येणार असला तरी, अस्तर लावणाऱ्याचा हिशेब तर्काला सोडून असतो असे म्हणता येत नाही.

नॉर्वेतील कोळंबी मासेमारीत आसाऐवजी गजांची तिरकी चौकट वापरतात. मुळात जेलीफिश बाहेर काढण्यासाठी योजलेल्या या चौकटीच्या गजांमध्ये १९ मिलिमीटरचे अंतर असते. कोळंबी त्यातून मागे जाते आणि मोठे मासे वरच्या छिद्रातून बाहेर पडतात, परंतु कोळंबीएवढी पिले कोळंबीबरोबरच आत राहतात. या उणिवेवर उत्तर म्हणून कोचीच्या संस्थेने चौकटीमागे दोन खोले असलेले साधन बनवले: खालच्या बारीक आसाच्या खोल्यात कोळंबी आणि वरच्या मोठ्या आसाच्या खोल्यात मासे, जेणेकरून वर गेलेली पिले तेथून निसटावीत. ही सुटका पाण्याखालीच व्हावी लागते, कारण खोल पाण्यातून वर ओढलेल्या बहुतेक माशांचे वाताशय फुगतात आणि नौकेवरून परत टाकलेला मासा क्वचितच जगतो. तारलीसारखे नाजूक खवल्यांचे मासे तर आसातून घासून निघाल्यानंतरही मोठ्या प्रमाणात मरतात.

पापलेटच्या बाबतीत मात्र वरचे सारे गणित उलटे होते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि त्याच वर्षी त्याची किमान कायदेशीर लांबी १३५ मिलिमीटर ठरवली. या माशाचे शरीर चपटे आणि उंच असते. त्याची उंची लांबीच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे १३५ मिलिमीटरच्या माशात सुमारे ६५ मिलिमीटर, भरते. चाळीसच्या चौकोनी आसाचा कर्ण केवळ २८ मिलिमीटर असल्याने, पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा मोठे बहुतेक पापलेट त्यात अडकणारच; उलट अर्धवट मिटलेला शंकरपाळी आस ३८ मिलिमीटर उंच असल्याने चपट्या माशाला तोच अधिक सोयीचा पडतो. १३५ मिलिमीटरपर्यंतची पापलेटची पिले खरोखर सोडायची, तर चौकोनी आस ९० मिलिमीटरच्या आणि शंकरपाळी आस ७० मिलिमीटरच्या घरात न्यावा लागेल, आणि मग कोळंबी, मांदेली व बहुतेक ढोमा पाण्यातच राहील. एवढा आस कोळंबीवर जगणाऱ्या कोणत्याही ट्रॉलरला परवडणारा नसल्याने, पापलेटच्या पिलांना जाळ्याच्या रचनेपेक्षा १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळाचा आणि पिलांचे थवे जेथे जमतात ती क्षेत्रे टाळण्याचाच आधार अधिक मिळतो. तोही ट्रॉलप्रमाणेच बारीक खोल्याच्या डोल जाळ्यांना लागू झाला तरच.