पावती, हजेरीपत्र आणि परवाना

सुरतेच्या नानपुरा, गोपीपुरा, सगरामपुरा अशा जुन्या वस्त्यांतून ज्यांच्या दोन-तीन पिढ्या भाड्याच्या घरात नांदल्या, त्यांचे छप्पर ज्या कायद्याने राखले त्याच्या नावातला पहिला शब्द 'मुंबई' असा होता. 'मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रण अधिनियम, १९४७' हे त्याचे लांबलचक नाव. त्या काळी सुरत मुंबई प्रांतातच होती. १ मे १९६० रोजी दोन राज्ये वेगळी झाली, तरी गुजरातने हा कायदा तसाच पुढे चालविला. महाराष्ट्राने मात्र १९९९ मध्ये आपला स्वतंत्र भाडेनियंत्रण कायदा केला आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तेव्हा पुण्याच्या मेहुण्याने किंवा धुळ्याच्या काकांनी सांगितलेला भाड्याचा नियम सुरतेत लागू पडेलच असे नाही. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, आपल्या घरांतून कायद्याचा पहिला सल्ला वकिलाकडून क्वचितच येतो. तो बहुधा लग्नकार्याच्या पंगतीत मिळतो.

१९४७ च्या त्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे 'प्रमाणित भाडे' मानले. घरमालकाला वाटेल तसे भाडे वाढविता येईना. भाड्याची लेखी पावती देणे त्याच्यावर बंधनकारक झाले, पाणी व दिवा तोडून भाडेकरूला जेरीस आणण्यास मनाई झाली, आणि स्वतःच्या गरजेसाठी जागा मागायची तर ती गरज खरी व प्रामाणिक असल्याचे न्यायालयात सिद्ध करावे लागू लागले. पुढे काळ बदलला आणि १९४० चे भाडे मालकाच्या घरपट्टीलाही पुरेना. महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये अशा गोठविलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे स्पष्ट म्हटले. आमच्या मते ते योग्यच होते. बारा रुपये भाडे भरून मालकाकडून गळक्या कौलांची दुरुस्ती मागणे शोभण्यासारखे नव्हते. असो. ज्यांचे भाडेकरूपण असे जुने आहे, त्यांनी आपल्या जागेला त्या कायद्याचे संरक्षण मिळते किंवा नाही हा प्रश्न जाणकार वकिलाला सर्वांत आधी विचारावा आणि जाताना जुन्या पावत्यांची चवड बरोबर न्यावी.

परंतु आज लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्या हातात असतो तो अकरा महिन्यांचा करार. अकराच महिने का, हे बहुतेकांना ठाऊक नसते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविल्याखेरीज ग्राह्य धरला जात नाही. ती नोंदणी व तिचा खर्च चुकावा म्हणून ही एक महिन्याची काटछाट! याचा अर्थ अकरा महिने संपताच दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर टाकता येते, असा मुळीच नाही. मुदतीनंतरही मालक भाडे घेत राहिला, तर एरवी काही ठरलेले नसल्यास ते भाडेकरूपण महिन्यामहिन्याचे समजले जाते आणि ते संपविण्यास १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ नुसार पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटिशीनंतरही भाडेकरू न निघाल्यास मालकाचा मार्ग न्यायालयाकडे जातो. कुलूप बदलणे किंवा वीज तोडणे हा मार्ग नव्हे. चार दांडगे गडी आणून दारात बसविणे तर नव्हेच.

आणि समजा, असे घडलेच. गावी गेलेले कुटुंब परत येऊन पाहते तो दाराला परके कुलूप. अशा वेळी १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याचे कलम ६ उपयोगी पडते. कायदेशीर मार्गाखेरीज ज्याचा ताबा हिरावला गेला, त्याला सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न निघतच नाही. 'घर माझे आहे' हे मालकाचे उत्तर तेथे चालत नाही. मात्र सहा महिने म्हणजे सहाच महिने. मध्यस्थांच्या बैठका भरवीत ते घालविणारे पुष्कळ आहेत.

याच्या उलट बाजूचा एक गैरसमजही येथे खोडून काढला पाहिजे. 'बारा वर्षे राहिले की घर आपले' हे वाक्य चाळीचाळींतून ऐकू येते. भाडेकरूच्या बाबतीत ते निखालस खोटे आहे. जो भाडेकरू म्हणून घरात आला, त्याला त्या भाडेकरूपणाच्या काळात मालकाची मालकी नाकारता येत नाही. बारा वर्षेच काय, चाळीस वर्षे राहिला तरी तो भाडेकरूच. या खोट्या समजुतीचा मोठा फटका भाडेकरूंनाच बसतो. मालक तिला भितो, म्हणून पावती देत नाही व दर वर्षी खोली बदलावयास लावतो. आपल्यापैकी पुष्कळांनी आता रो-हाऊस बांधून वरचा मजला भाड्याने दिला आहे. त्यांनीही ही भीती सोडून द्यावी, पावती द्यावी आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात नोंदवावी. पोलीस आयुक्तांच्या वेळोवेळी निघणाऱ्या जाहीरनाम्यांप्रमाणे ती जबाबदारी मालकाची असते.

पावतीऐवजी आता भाडे फोनवरून पाठविण्याची चाल पडली आहे. ती सोयीची आहे, पण नुसती रक्कम पाठवू नये. महिना व 'भाडे' हा शब्द त्या खाली लिहावा. अनामत रक्कम रोखीने दिली असेल तर तिचा आकडा करारात आहे की नाही हे पाहावे. करार बहुधा गुजरातीत असतो. आपल्या पुढच्या पिढीला गुजराती सफाईने वाचता येते, पण सही करणाऱ्या वडिलांना येतेच असे नाही. मुलाकडून वाचून घेण्यात कमीपणा मानू नये.

सुरतकरांना पुराचे वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीचे पात्र सोडले आणि शहराचा फार मोठा भाग दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला. त्यानंतर कित्येक घरांत एकच वाद उद्भवला, की भिंती खचल्या, आता भाडे द्यावे की नाही? याचे उत्तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये १८८२ पासूनच आहे. आग, वादळ किंवा पूर यांनी जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेपट्टा रद्द समजावा की चालू ठेवावा, हे ठरविण्याचा अधिकार भाडेकरूला आहे. मालकाला नाही, हे विशेष. तसेच जी दुरुस्ती मालकाने करणे बांधील आहे ती लेखी कळवूनही त्याने वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. अर्थात करारात याविरुद्ध काही लिहिले नसेल तर. म्हणूनच करार वाचण्याचा आग्रह.

आणि घरच पाडले गेले तर? जुन्या सुरतेत मोडकळीस आलेल्या इमारतींना महानगरपालिकेच्या नोटिसा लागतात, तेव्हा हा प्रश्न पुष्कळांच्या पोटात गोळा आणतो. त्याचा निर्णय आपल्याच मुलखातल्या एका खटल्यात लागला आहे. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेने एक इमारत पाडली. मालकाचे म्हणणे पडले की इमारत गेली, तिच्याबरोबर भाडेकरूपणही गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ मध्ये हे म्हणणे फेटाळले. भाडेपट्टा केवळ भिंतींचा नसतो, त्याखालच्या जमिनीचाही असतो, तेव्हा इमारत पडली म्हणून तो आपोआप संपत नाही, असे न्यायालयाने ठरविले आणि स्वतःचाच २००१ चा एक उलट निर्णय रद्दबातल केला. जागा रिकामी करण्याची नोटीस आल्यास निघावे अवश्य, जीव महत्त्वाचा. पण निघताना जागेचे क्षेत्रफळ लिहिलेला कागद, छायाचित्रे व शेवटची पावती सांभाळून न्यावी, आणि कोऱ्या कागदावर 'ताबा सोडला' अशी सही करू नये.

आता कामाच्या जागेकडे वळू. सुरतेतील यंत्रमाग आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने यांतील बहुतेक मजुरी मीटरवर किंवा नगावर ठरते. त्यामुळे 'मी उक्त्यावर काम करतो, मला कसला आलाय हक्क?' असे कामगार स्वतःच म्हणतात. हा प्रश्न न्यायालयांपुढे फार पूर्वी आला होता. सिन्नरच्या एका विडी कारखान्यातील कामगाराने रजेच्या पगाराची मागणी केली, तेव्हा १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती नाकारली. तो हवे तेव्हा येतो, हवे तेव्हा जातो, म्हणून कारखाना कायद्याच्या अर्थाने तो कामगारच नव्हे, असे कारण दिले गेले. विडी वळणाऱ्यांसाठी मग १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. १९७३-७४ च्या सुमारास आंध्र प्रदेशातील नगावर कपडे शिवणाऱ्या शिंप्यांच्या बाबतीत मात्र त्याच न्यायालयाने निराळा निर्णय दिला. यंत्र मालकाचे, जागा मालकाची आणि काम बिघडले तर पुन्हा करावयास लावण्याचा अधिकारही मालकाचा, तेव्हा ते नोकरच होत. माग शेठजींचा, सूत शेठजींचे आणि ताग्यातल्या दोषाची कपात विणकराच्या मजुरीतून, अशा कारखान्यात काम करणाऱ्याने हा दुसरा निर्णय लक्षात ठेवावा.

मजुरीचे जुने कायदे आता राहिले नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता व तिच्याबरोबरच्या तीन श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. त्यांच्यानुसार महिन्याचे वेतन पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत मिळाले पाहिजे. नोकरी सोडली किंवा काढून टाकले, तर हिशेब कामाच्या दोन दिवसांत. उचल, दंड, नुकसान अशा सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. जादा कामाचा दर नेहमीच्या दुप्पट. वेतनाची चिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी नेमणुकीचे पत्रही. बुडालेल्या मजुरीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. ग्रॅच्युइटीसाठी सामान्यतः पाच वर्षांची सलग नोकरी लागते आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते. नगावर काम करणाऱ्याचे रोजचे वेतन शेवटच्या तीन महिन्यांच्या सरासरीवरून काढतात. म्हणजे उक्त्याचा कामगार ग्रॅच्युइटीला मुकतो ही समजूतही खोटीच.

अडचण कायद्यात नसून पुराव्यात असते. दिवाळीला माग बंद होतात, माणसे नंदुरबार-अमळनेरच्या गाडीने गावी जातात, परत येऊन दुसऱ्याच कारखान्यात चिकटतात आणि पाच वर्षांचा सलगपणा सिद्ध करण्यास कागदाचा कपटाही उरत नाही. हजेरीपत्राचे छायाचित्र, बँकेत जमा झालेल्या पगाराची नोंद, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, यांपैकी एक जरी हाती असले तरी दावा उभा राहतो. गृहिणींनी हे कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावे. पुरुषांच्या खिशात ते टिकत नाहीत.

वाहनाविषयी थोडक्यात. गणवेशातील पोलिसाने मागितल्यास परवाना दाखविणे भाग आहे. डिजिलॉकरमधील परवानाही चालतो. परवाना ताब्यात घेतला तर त्याची तात्पुरती पोच मागून घ्यावी, तिच्यावर गाडी चालविता येते. अज्ञान मुलाच्या हाती गाडी देऊन अपराध घडला तर पालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'क्लासलाच तर जातो' ही सबब तेथे ऐकली जात नाही.

अपघाताच्या भरपाईची गोष्ट अधिक महत्त्वाची. सुरत-धुळे रस्त्यावर आपली माणसे बारा महिने ये-जा करतात. अपघात साक्रीजवळ झाला तरी दावा धुळ्यातच लावला पाहिजे असे नाही. दावेदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे सुरतेतही, तो लावता येतो. १ एप्रिल २०२२ पासूनच्या तरतुदीप्रमाणे त्यास सहा महिन्यांची मुदत आहे. ठोकर देऊन पळालेले वाहन सापडले नाही तरीही मृत्यूबद्दल दोन लाख व गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात, हे अनेकांना ठाऊक नसते. भावाच्या मृत्यूबद्दल भावाला दावा करता येतो काय? गुजरात एस. टी. महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये 'होय' असे उत्तर दिले. आपल्याकडे भावंडे एकमेकांच्या आधाराने एका घरात राहतात, ही वस्तुस्थिती न्यायालयाने त्या निकालात विचारात घेतली होती. आणि जखमी माणसाला रुग्णालयात पोहोचविणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, म्हणून रस्त्यात थांबण्यास भिऊ नये.

'हे सर्व खरे, पण वकिलाची फी?' असे विचारले जाईल. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि पूर-भूकंपासारख्या आपत्तीने पीडलेले लोक यांना उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळण्याची सोय केली आहे. मागावरचा विणकर यांत येतो. दाव्यात वादी असलेली घरातली स्त्रीही येते, मग तिच्या यजमानांचा पगार कितीही असो. सुरतेत अठवालाइन्सच्या जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय आहे; तेथे साधा अर्ज करावा लागतो. लोकअदालतीत तडजोड झाल्यास न्यायालयीन शुल्क लागत नाही, भरलेले असल्यास परत मिळते. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. तेव्हा तडजोडीचा मसुदा समोर आला, की त्यातील रक्कम, तारीख आणि जागा सोडण्याची मुदत ही तीन कलमे मोठ्याने वाचवून घ्यावीत, न समजल्यास पुन्हा वाचावयास सांगावे, आणि मगच सही करावी.