गृहिणीची बिअर आणि हॉपचे फूल

रात्री दुधास विरजण लावावे आणि सकाळी त्याचे घट्ट दही झालेले असावे, यात आपल्याकडे कोणास नवल वाटत नाही. विरजण जपणे, थंडीत भांडे उबेस ठेवणे, दही फार आंबू न देणे ही विद्या बहुधा घरातील एका स्त्रीने दुसरीस दिलेली असते. जगाच्या फार मोठ्या भागात बिअरचीही हीच गोष्ट होती. आज बिअर म्हटली म्हणजे पोलादी टाक्या आणि कारखाने डोळ्यांपुढे येतात. परंतु इतिहासाच्या मानाने हे चित्र अलीकडचे आहे. त्यापूर्वी हजारो वर्षे धान्यापासून घरी करावयाचे ते एक पेय होते, आणि भाकरी करणारे हातच ते करीत असत.

बिअर म्हणजे आंबवलेल्या धान्याचे पेय. धान्यात पिष्ट असते, पण यीस्टला हवी असते साखर. सातूला मोड आणले म्हणजे दाण्यात विकरे तयार होतात. असा मोड आलेला व वाळवलेला दाणा म्हणजे माल्ट. माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवला की ही विकरे पिष्टाची साखर करतात, आणि मग यीस्ट त्या साखरेपासून मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण करते. या प्रक्रियेतील सूक्ष्मजीवांचे कार्य लुई पाश्चर यांनी बिअरवरील आपल्या १८७६ च्या ग्रंथात विशद केले. तोवर मागल्या खेपेचा फेस पुढल्या खेपेस घालावा, एवढे ज्ञान पुरेसे होते. आणि ते खरोखरच पुरेसे होते.

मेसोपोटेमियातील सुमेरी लोकांची बिअरची देवता निनकासी ही स्त्रीच होती. इ. स. पू. १८०० च्या सुमारास मातीच्या विटांवर कोरलेल्या तिच्या स्तोत्रात बिअर करण्याच्या क्रियांचे वर्णन आढळते. त्यांच्या राजावळीत कुबाबा नावाची कीश नगरीची राज्यकर्ती आहे आणि ती मूळची मद्यगृह चालविणारी होती, असे तेथेच म्हटले आहे. हम्मुराबीच्या कायद्यात मद्यगृहवालीसाठी स्वतंत्र कलमे असून त्यांतील शब्द स्त्रीलिंगी आहे. तिने मापात लबाडी केली तर तिला पाण्यात फेकावे, असा दंड सांगितला आहे. शिक्षा भयंकर खरी, पण बिनमहत्त्वाच्या धंद्यासाठी कोणी राजा कलमे लिहीत नाही. मंदिरे व राजवाडे यांच्या मोठ्या मद्यशाळांत मात्र पुरुषही दिसतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या विद्येचे पुढे काय झाले ते इंग्लंडच्या कागदपत्रांत सर्वांत स्पष्ट दिसते. तेथील जुने पेय म्हणजे ‘एल’. माल्ट, पाणी आणि यीस्ट यांवाचून त्यात विशेष काही नसे, आणि काही दिवसांतच ते आंबून जाई. त्यामुळे एका घरी एल झाली की उरलेली शेजाऱ्यांना विकावी, आणि पुढल्या वेळी आपण शेजारणीकडून घ्यावी, असा व्यवहार चाले. विक्रीस एल तयार आहे हे कळावे म्हणून दाराबाहेर काठी लावीत. तेराव्या शतकात एलची किंमत व माप यांवर कायदा झाला. गावोगावच्या न्यायसभा त्यानुसार दंड वसूल करीत. हा दंड म्हणजे बहुतेक परवान्याचे शुल्कच होते. त्याच्या नोंदींमुळे एरवी इतिहासाला अज्ञात राहिल्या असत्या अशा असंख्य स्त्रियांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. ‘ब्रूस्टर’ हा शब्द मुळात एल करणारीचा वाचक. आज तो केवळ आडनाव म्हणून उरला आहे.

मग हॉप आला. हॉप ही एक वेल. तिच्या मादी वेलींचेच फुलोरे बिअरमध्ये घालतात. त्यांतील कडू राळ पाण्यात उकळली म्हणजे तिच्या आम्लांचे रूपांतर होते, आणि ती आम्ले बिअर आंबट करणाऱ्या जंतूंची वाढ रोखतात. हॉपच्या कडवटपणामुळे पेय टिकते, अशी नोंद बाराव्या शतकात जर्मनीतील हिल्डेगार्ड या मठवासिनीने केली होती. योगायोग असा की, ज्या वनस्पतीने पुढे स्त्रियांचा धंदा हिरावला, तिचा हा गुण एका स्त्रीच्याच ग्रंथात लिहिलेला आहे.

इंग्लंडमध्ये हॉपची बिअर चौदाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रापलीकडून येऊ लागली. रेजिनाल्ड स्कॉट याने १५७४ मध्ये हिशेब मांडला आहे: एक बुशेल माल्टपासून एल आठ-नऊ गॅलन होते, तर हॉपची बिअर अठरा ते वीस गॅलन. शिवाय ही बिअर महिनोन्‌महिने टिके, गाडीतून व जहाजातून दूर जाई, सैन्यास पुरविता येई. परंतु तिच्यासाठी मोठी तांब्याची काहील, भरपूर सरपण, पिंपे आणि पैसा परत येईपर्यंत थांबण्याची ऐपत लागे. त्या काळच्या इंग्रजी कायद्यानुसार विवाहित स्त्रीस सामान्यतः स्वतःच्या नावे करार करता येत नसे. मग तिला भांडवल कोण देणार? पंधराव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या मद्यकारांच्या संघात सुमारे एक तृतीयांश स्त्रिया होत्या; पुढे त्या विरळ होत गेल्या. जुडिथ बेनेट यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात ही हकीकत मांडली आहे. स्त्रियांचे कौशल्य कमी पडले नव्हते. धंदा फायद्याचा होताच तो ज्यांच्या हाती भांडवल व करार होते त्यांच्याकडे गेला, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

नाव मात्र बदनाम झाले ते स्त्रीचेच. चेस्टर नगराने १५४० मध्ये चौदा ते चाळीस वर्षांच्या स्त्रियांस एल विकण्याची बंदी केली. लडलो येथील चर्चमधील एका लाकडी आसनाखाली खोटे माप हाती धरलेल्या एलवालीस सैतान उचलून नरकाकडे नेत आहे, असे कोरीव काम आहे. चेटकिणीची टोकदार टोपी या एलवाल्यांवरूनच आली, असे हल्ली पुष्कळदा सांगितले जाते. गोष्ट चटकदार आहे, पण तिला समकालीन पुरावा नाही.

जेथे पेय टिकाऊ झाले नाही तेथे ते स्त्रियांच्या हाती राहिले. याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. झारखंड, ओडिशा व बंगालमधील संताळ, मुंडा, हो, उराँव या समाजांत भातापासून हंडिया करतात. तिचे विरजण म्हणजे ‘रानू’: तांदळाच्या पिठात रानातील मुळ्या-साली कुटून घालून वळलेल्या व वाळविलेल्या गोळ्या. त्यांत बुरशी व यीस्ट एकत्र नांदतात. बुरशी पिष्टाची साखर करते, म्हणजे माल्टचे काम तिच्याकडे. पुढचे काम यीस्टकडे. शिजवून निवविलेल्या भातात रानूची पूड मिसळून तो मडक्यात ठेवला की थोड्याच दिवसांत हंडिया तयार होते, आणि ती लवकरच प्यावी लागते. आसाममधील दिमासा लोकांच्या ‘जुदिमा’ या भाताच्या पेयास २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तीही परंपरेने स्त्रियाच करतात.

झारखंडच्या बाजारांत मात्र या विद्येला दुसरी बाजू आहे. रस्त्याकडेला मडके घेऊन बसणाऱ्या बाईस हंडियावर चूल पेटवावी लागते, गिऱ्हाइकांचे बोलणे सोसावे लागते, आणि तिच्याच घरातील पुरुषाचे व्यसन तिच्याच मडक्यावर पोसले जाऊ शकते. राज्य शासनाने २०२० मध्ये ‘फूलो झानो आशीर्वाद अभियान’ सुरू केले. हंडिया-दारूची विक्री सोडून दुसरा व्यवसाय धरू इच्छिणाऱ्या स्त्रियांस त्यातून बिनव्याजी कर्ज दिले जाऊ लागले. इंग्लंडच्या एलवालीस जे भांडवल मिळाले नाही, ते येथे मडके खाली ठेवण्यासाठी मिळते. रानूच्या गोळ्या मात्र घरोघरी सणासाठी आणि लग्नकार्यासाठी अजूनही वळल्या जातात. त्यांत कोणती मुळी किती घालावी हे गावागावांत वेगळे असते, आणि ते सहसा कोठे लिहून ठेवलेले नसते.