शिमोनाचे शेत

गतवर्षी उपवासकाळातील एका शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपून आम्ही मंदिराबाहेर आलो, तो एक वृद्ध शेतकरी पायरीशी थांबलेले दिसले. म्हणाले, "फादर, तो कुरेनेचा शिमोन शेतावरून येत होता ना? मग त्या दिवशी त्याचे शेत कोणी पाहिले?"

आम्हांस प्रथम हसू आले. पण विचारणाऱ्याच्या मुद्रेवर हसू नव्हते.

हे गृहस्थ जुन्या सुप्याचे. काळी व पांढरी या नद्यांच्या संगमावरील ते गाव आज नकाशावर शोधून सापडावयाचे नाही. १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, १९८० नंतरच्या दशकात पाणी चढले, आणि घरे, शेते, झाडे सर्व तळाशी गेली. पायथ्याच्या वीजगृहातून १०० मेगावॅट वीज निघू लागली. गावकऱ्यांपैकी अनेकांना रामनगरला वसविण्यात आले. सुपे तालुक्याला आता जोयडा म्हणतात. म्हणजे नावदेखील गेले.

त्या दिवशीच्या प्रवचनात आम्ही म्हटले होते की, सुप्याचे बुडणे हा आपल्या लोकांचा क्रूस होय. असली वाक्ये वेदीपाशी उभे राहून फार सहज सुचतात. वृद्धांना ते रुचले नव्हते. "प्रभूने आपला जीव आपण होऊन दिला," ते म्हणाले, "आम्हांला कोणी विचारले होते?"

वाचकहो, शिमोनालाही कोणी विचारले नव्हते. रोमी शिपायांना वाटेवरच्या कोणालाही वेठीस धरता येत असे. आजच्या लिबियातील कुरेने नगराचा हा मनुष्य शेताकडून येत असता पकडला गेला आणि परक्याचे ओझे त्याच्या खांद्यावर आले. संत मार्क मात्र एक बारीकशी गोष्ट सांगून ठेवतो: हा शिमोन आलेक्झांडर व रूफस यांचा बाप. मुलांची नावे सांगितली, त्या अर्थी मार्कच्या वाचकांना ती ओळखीची असावीत. मग सक्तीने उचललेल्या त्या लाकडामागून सारे घर ख्रिस्ताकडे आले, असे मानण्यास जागा आहे. ओझे दुसऱ्याने लादले. पुढची वाट शिमोनाने स्वतः धरली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. गोव्यापासून आपल्या या रानापर्यंत वळणावळणावर चुना दिलेले, झेंडूचे हार घातलेले क्रूस उभे आहेत. त्यांची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, मुळात ते देहदंडाचे साधन होते, दास व बंडखोर यांच्यासाठी राखलेले, हे ध्यानातच येत नाही. पहिल्या ख्रिस्ती लोकांना ती लाज ठाऊक होती. क्रूसावर खिळलेल्या प्रभूची जी अगदी जुनी चित्रे आज उरली आहेत, त्यांपैकी एक रोममधील संत सबिना मंदिराच्या लाकडी दारावर आहे. ते पाचव्या शतकातले. प्रभूला अन्यायाने मारले. पिलाताने हात धुतले म्हणून तो न्याय झाला नाही.

म्हणून दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या भगिनीला, "बाई, हा तुझा क्रूस, मुकाट्याने वाहा," असे जो सांगतो, तो नवऱ्याचे पाप देवाच्या नावावर मांडतो. तिने माहेर गाठले, पोलिसांकडे गेली, तरी तिच्या श्रद्धेत काही उणे येत नाही. त्याचप्रमाणे गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मागणारा क्रूस टाकून पळाला असे होत नाही. (हा उपदेश आम्हां धर्मगुरूंनाच अधिक लागू आहे, हे कबूल करतो.)

मग क्रूस तो कोणता? खिळलेल्या प्रभूकडे पाहावे. वेदना शिगेला पोहोचली असता तो मारेकऱ्यांसाठी क्षमा मागतो, शेजारच्या चोराला आश्वासन देतो, आईला शिष्याच्या स्वाधीन करतो. दुःख लोकांनी दिले. त्यात प्रेम त्याने घातले. तारण त्या प्रेमात आहे.

हे आम्ही त्या वृद्धांना पायरीवर बसून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "जमीन पाण्यात गेली, फादर. भाऊ मात्र मी घालवला." मोबदल्याच्या पैशांवरून धाकट्या भावाशी त्यांचे भांडण झाले होते. एका वस्तीत राहून तीस वर्षे बोलणे नाही. आईच्या मातीलाही दोघे दोन टोकांना उभे राहिले. चूक कोणाची होती ते आम्ही विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

पास्काच्या सणानंतरच्या आठवड्यात, काजूचा हंगाम असल्यामुळे, बियांची एक टोपली घेऊन ते भावाच्या दारी गेले. भाऊ घरात असूनही बाहेर आला नाही. भावजयीने तांब्याभर पाणी पुढे केले. ते पाणी पिऊन, टोपली ओट्यावर ठेवून ते परतले. दुसऱ्या दिवशी रिकामी टोपली नातवाच्या हाती परत आली. निरोप काही नव्हता.

यंदाही जाणार आहेत, असे परवाच मिस्सानंतर आम्हांस म्हणाले.