अकरा गोधड्या

येत्या मे महिन्यात मी लेकीकडे मेलबर्नला कायमचा राहायला जातोय. दिवाळीनंतर डोंबिवलीचं घर आवरायला घेतलं. भांडी, कपाटं महिनाभरात मार्गी लागली. राहिल्या त्या हिच्या हातच्या अकरा गोधड्या. ही जाऊन तीन वर्षं झाली. विमानात 23 किलोच्या दोन बॅगा न्यायच्या आणि एकेक गोधडी भरते अडीच किलो. सगळ्या नेणं शक्यच नव्हतं. पण घडी उलगडली की एकेक साल समोर यायचं आणि मी ती पुन्हा कपाटात ठेवायचो. त्या द्यायला मला सहा महिने लागले.

सगळ्यांत जुनी 1979 ची. तेव्हा मी लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होतो. गोधडीची वरची बाजू हिच्या आईच्या हिरव्या इरकली नऊवारीची. खालच्या बाजूला गिरणीच्या कापडाचे तुकडे जोडलेत. एका कोपऱ्यात गिरणीचा जांभळा शिक्का अजून अर्धा वाचता येतो. तो तुकडा माझ्याच साच्यावरचा, असं ही सगळ्यांना सांगायची.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या शब्दावर जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, गिरण्याच संपत गेल्या. मी घरी बसलो, तेव्हा हिने चाळीतल्या बायकांच्या गोधड्या शिवायला घेतल्या. ज्याची त्याने जुनी लुगडी आणून द्यायची. दुपारी पोरं शाळेत गेली की खोलीभर लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या, डबा ठेवायचा आणि कडेने धावदोरा घालत आत आत सरकायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. त्या शिलाईवर आमच्या घरात रेशन आलं. साचे बंद पडले, पण आमच्या घरातलं कापडाचं काम हिने थांबू दिलं नाही. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. तेव्हा लाज वाटायची. आता ती ऐकायला नाही.

पुढच्या गोधड्यांत कापड बदललेलं दिसतं. सुती लुगडी घरातून कमी झाली, सिंथेटिक साड्या आल्या. त्यांवर सुई घसरायची, आणि ते कापड घामही टिपत नाही. ही ते आत घालायची आणि अंगाला लागणारी बाजू मात्र हटकून सुतीच ठेवायची. त्यासाठी माझे जुने लेंगे, धोतरं, लेकीचे शाळेचे फ्रॉक, काहीही चालायचं.

शेवटची 2018 ची. तिच्या कडेचे टाके मोठे आणि वाकडे आहेत, कारण हिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. मधेच शस्त्रक्रिया झाली. तिथून पुढे मध्यापर्यंत पुन्हा तांदळाएवढा टाका. आधीचं उसवून नीट घालते, असं ती म्हणायची. मी उसवू दिलं नाही.

नऊ गोधड्या दिल्या. दोन शेजारच्या नातवंडांना, एक हिच्या आजारपणात रात्री जागलेल्या बाईंना, बाकीच्या भाचे-पुतण्यांना. प्रत्येकाला एवढंच सांगितलं, की कपाटात ठेवू नका, वापरा. मोतीबिंदूची मी बरोबर नेतोय. मेलबर्नला जून ते ऑगस्ट थंडी असते.

राहिली 1979 ची. ती जागोजागी विरली होती, पांघरण्याजोगी नव्हती. ती साताऱ्याला मेहुणीकडे पोचवली. जुनी गोधडी आत घालून तिच्यावर नवं लुगडं चढवायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. परवा मेहुणीचा फोन आला, "भाऊजी, दोरा कुठला घालू, लाल की पांढरा?"

पांढरा, म्हटलं. ही पांढराच घालायची.